यमुनाबायच्या टोपलीतले बोंबील

अन्याय झाला तो यमुनावर. ठिकाण नवापूरचा किनारा. सहासष्ट सालच्या नारळी पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस, सकाळी भरती लागताना. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेली तिच्या नवऱ्याची होडी पहिल्यांदा पाण्यात लोटत होते तेव्हा. साक्षीदार पुष्कळ होते. त्यातला एक मी, तिचा सख्खा धाकटा भाऊ.

मी तोंड उघडलं नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांवर बोट ठेवणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा कुणी धुतल्या तांदळासारखा माणूस बोलतोय.

झालं ते असं. यमुना, मी तिला बाय म्हणतो, होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, ताट घेऊन उभी होती. ताटात हळदकुंकू, फुलं, नारळ. मध्येच तिने ताट वाळूत ठेवलं आणि सुरूच्या झाडांकडे पळत गेली. परत आली तेव्हा तोंडावर रंग नव्हता. तोल सावरायला तिने होडीला हात लावला. तिच्या सासूने मागून लुगड्यावरचा डाग पाहिला.

"अगो, बाहेरची हायस तू! आनि होडीला हात लावतेस?"

ही हाक अख्ख्या किनाऱ्याने ऐकली. होडी परत वर ओढली, गोमूत्राने धुतली, तोवर भरती ओसरली. बायला घरामागच्या पडवीत बसवलं. वेगळी चटई, वेगळा तांब्या. चार दिवसांसाठी. ते चार दिवस सात महिने चालले.

माझ्या खांद्यावर त्या वेळी झोळी होती आणि झोळीत मीच लिहिलेली पत्रकं: बोईसरकडच्या रस्त्याच्या कामावर मजुरांना, विशेषतः बायांना, संडास बांधून द्या. मोठ्या अक्षरात, तीन उद्गारचिन्हं. बायका दिवसभर पोट आवळून कशा खडी फोडतात हे मी त्यात लिहिलं होतं. आणि माझी बहीण समोर तशाच पोटाने वाळूत उभी होती, तर मी समुद्राकडे बघत होतो. बायकांची गोष्ट, पुरुषाने बघायची नसते. एवढंच शिकलो होतो, आणि ते पक्कं शिकलो होतो.

माझी पाळी

दिवाळीनंतर माझं सुरू झालं. आधी वाटलं बाधलं असेल. मग रक्त. मग रक्त आणि शेंबडासारखी आव, आणि डाव्या कुशीत कुणीतरी ओला कपडा पिळावा तशी कळ. दिवसात आठ वेळा, दहा वेळा. त्यातल्या निम्म्या वेळा नुसती हाक, जाऊन बसलं तर काही नाही, उठलं की पुन्हा हाक.

ज्याला हे नाही त्याला कसं सांगू? माणूस गावं विसरतो आणि आडोसे लक्षात ठेवतो. बोईसर ते तारापूर रस्त्याचा नकाशा मला तोंडपाठ झाला. कुठे करवंदीची जाळी, कुठे पडकी मोरी, कुठे बांध छातीएवढा उंच. एस.टी.चा एक कंडक्टर होता. मी उठून दांडी धरली की तो न विचारता घंटी मारायचा. बेटेगावच्या अलीकडे एकदा उतरलो तर खिडकीतून ओरडला, "काय नेते, आज झुडपाखाली सभा का?" सगळी बस हसली. पण त्याने बस थांबवून ठेवली. त्या माणसाचं मी काही देणं लागत नव्हतो, तरी थांबवली. ती गोष्ट मी विसरणार नाही.

मजुरांच्या वस्तीवर एकदा भाषण ऐन रंगात आलेलं. समोर मुकादम उभा. मी "भावांनो" म्हणालो आणि पेटीवरून उडी मारून पळालो. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, लीडर भाग गया रे!" आठ दिवस सगळीकडे तेच. मुकादमाला घाबरून पळाला. मी खरं कारण सांगितलं नाही. पळपुटा म्हणवून घेणं मला त्यापेक्षा बरं वाटलं. यावरून ओळखा.

पालघरच्या डॉक्टरांनी आव समजून इंजेक्शनं दिली. वाईट माणूस नव्हता, शंभरातल्या नव्याण्णवांना इथे आवच असते. दूध बंद, तिखट बंद, मासळी बंद. हाडं वर आली तेव्हा त्यांनीच चिठ्ठी लिहिली: मुंबईला मोठ्या दवाखान्यात जा.

नळी

निदानाचा दिवस म्हणजे नळीचा दिवस. गुडघ्यावर आणि कोपरावर ओणवं व्हायचं, डोकं उशीत, आणि मागून दिवा लावलेली नळी आत. शिकाऊ डॉक्टर रांगेने डोकावून गेले. मी, ज्याने मालकांच्या तोंडावर घोषणा दिल्या होत्या, त्या उशीत तोंड खुपसून रडत होतो. दुखत होतं म्हणून कमी, आणि दिसत होतो म्हणून जास्त.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर समोर बसवलं. बोलायला रोखठोक माणूस. म्हणाले, "मोठ्या आतड्याला आतून व्रण आहेत. हा जंतूंचा रोग नाही. तुला कुणाकडून लागला नाही आणि तुझ्यापासून कुणाला लागणार नाही. कशाने होतो ते आम्हांला माहीत नाही. बरा होईल असं मी म्हणणार नाही. निजेल, पुन्हा उठेल. तुला त्याच्याबरोबर राहायला शिकावं लागेल."

मी विचारलं, "किती वर्षं?"

ते म्हणाले, "तू आहेस तोवर."

मग कागद ओढून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं? आई, वडील, भावंडं?"

"आईवडील नाहीत. एक बहीण आहे. ठणठणीत आहे."

त्यांनी तसं लिहून घेतलं.

तेव्हा बायला पडवीत बसून पाच महिने झाले होते. दुखणं तिला आहे हे मला माहीत होतं. पण ते बाईचं दुखणं. सुईण काढे देत होती, ते चालू होतं. बाईचं दुखणं मी आजारात धरलंच नाही. मी खोटं बोललो नाही, हेच त्यातलं वाईट आहे. मला खरंच तसं वाटत होतं.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ पाचला होते. थर्मामीटर, चहा, झाडू, मग शौचाची भांडी. माझ्या खाटेच्या पायाशी पाटी होती आणि तिच्यावर दिवसात किती वेळा झाली त्याच्या रेघा. भेटायला येणारे सगळे त्या रेघा बघून जायचे. पहिल्या दिवशी मी भांडं मागायला लाजलो आणि व्हायचं ते झालं. ताराबाई नावाची आया होती, उंच, पान खाणारी. तिने चादर बदलली आणि म्हणाली, "हे बघ पोरा, तू लाजलास तर चादर जाते, नाही लाजलास तर नुसतं भांडं जातं. मला भांडं परवडतं." दुसऱ्या दिवशी माझी खाट तिने दाराजवळ आणली, संडासाला अगदी लागून. कुणाला विचारलं नाही. त्या वॉर्डात मला मिळालेला मोठ्यात मोठा मान तोच.

पिवळ्या गोळ्या होत्या, लघवी हळदीच्या पाण्यासारखी व्हायची. दुसऱ्या गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं. सातव्या आठवड्यात पाटीवरच्या रेघा तीनवर आल्या. ताराबाई पाटी बघून म्हणाली, "आता तुला घरी धाडतील. मजा गेली."

मी संध्याकाळी चार ते सहा दाराकडे बघत राहायचो. बाय आली नाही. आई मी पाच वर्षांचा असताना गेली. तिच्यानंतर मला न्हाऊ घातलं ते बायने, शाळेत घातलं तेही तिनेच. आणि ती आली नाही म्हणून मी तिच्यावर चिडून होतो. तिचा नवरा दामू एकदा आला. खाटेच्या कडेला अवघडून बसला.

"बाय नाही आली?"

"तिला यायला नाय जमत."

"अजून?"

"अजून."

 आणलेली केळी त्याने माझ्या उशाशी ठेवली आणि निघाला.

पडवी

होळी झाल्यावर सुटलो. तडक नवापूरला गेलो. सासू ओट्यावर जवळा निवडत होती. म्हणाली, "मागे हाय. लांबूनच बोल."

बाय चटईवर भिंतीला टेकून बसली होती. माझं गोल तोंड बघून हसली, "दवाखान्यात पुरनपोली देत होते काय रे?" ती हसली तेव्हा मला तिच्या मनगटाचं हाड दिसलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या, तिथेच थांबत होत्या.

मी चिडलेला होतो. म्हणून सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. पत्रक वाचावं तसं. कळ कशी येते, रक्त कसं जातं, आव कशी पडते, नुसतीच हाक कशी येते. नळी सांगितली. पाटीवरच्या रेघा सांगितल्या. मला तिला लाजवायचं होतं, की बघ, तू आली नाहीस तेव्हा मी काय काय सोसलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "डाव्या अंगाला कळ येते?"

"हो."

"आनि जाऊन बसलं की कायच नाय. उठलं की परत."

"हो. तुला कुणी सांगितलं?"

ती चटईची काडी ओढत राहिली. "मला वाटलं, मला एकटीलाच हाय."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी उंबऱ्याच्या आत गेलो आणि तिच्या चटईवर बसलो. ती म्हणाली, "उठ, शिवशील." मी उठलो नाही.

"बाय, मग सांगितलं का नाहीस? सात महिने सगळ्यांना वाटतंय की तू..."

"वाटू दे म्हटलं." तिने आवाज खाली आणला. "गावातल्या बाया पहाटे जातात, उजाडायच्या आत. मला दिवसाला चौदा येला जायला लागतं. भर दुपारी कुठं जाऊ? बाजूला बसले तर मागचं दार माझं. कोनी विचारत नाय कुठं चाललीस. आनि आव सांगितली असती तर माझ्या हातची मासली कोनी घेतली असती रे? बाहेरची बाई आज ना उद्या आत येते. आववाली कवाच येत नाय."

मी वर्षभर संडासांवर पत्रकं लिहीत होतो. त्यातल्या एकाही पत्रकात हे नव्हतं.

तू म्हणाला होतास

दोन दिवसांनी तिला घेऊन निघालो. तोच कंडक्टर. बायकडे एकदा पाहिलं आणि या वेळी काही बोलला नाही. वाटेत दोनदा थांबला.

मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासलं, पोटाचे एक्स-रे फोटो काढले, आणि माझा जुना कागद मागवला. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "तू म्हणाला होतास, ठणठणीत." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. बाहेरून द्यायचं तर माझं, आजारी माणसाचं, चालणार नव्हतं. दामूने बाही वर केली. वल्हं मारून घट्टे पडलेला हात त्याने सुईखाली धरला आणि पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मी इचारायला पायजे होतं." मी म्हणालो, "मी पण." एवढंच. पुरुषांचं एवढंच होतं.

ती वाचली. गोळ्यांनी तिचंही रक्त थांबलं. पण माझं आतडं आणि तिचं आतडं यांत सात महिन्यांचं अंतर आहे. डॉक्टर म्हणाले, तिचं आता रबराच्या नळीसारखं ताठ झालंय, ते पुन्हा पूर्वीसारखं होणार नाही. मी दिवसात तीनदा जातो, ती सात-आठदा, आणि असंच राहणार. मी भात-मासळी खातो. ती पेज खाते. भरली टोपली तिला डोक्यावर घेता येत नाही, निम्मी घेते. त्यातले पाच महिने काढ्यात गेले असं म्हणता येईल. पुढचे दोन माझ्या त्या एका शब्दात गेले.

माझं पत्रक

आता माझा दुसरा गुन्हा.

बाय घरी आली, आत आली, चुलीपाशी बसली. सासू गप्प झाली होती. बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्यांवर बाय पुन्हा हात चालवू लागली. सगळं मार्गी लागत होतं. आणि माझ्या डोक्यात संताप मावत नव्हता. मी पत्रक काढलं. "नवापूरच्या एका भगिनीवर विटाळाच्या नावाखाली अत्याचार! रक्त विटाळाचे नव्हते, आतड्याच्या रोगाचे होते!" तिला विचारलं नाही. नाव घातलं नाही, म्हणजे मोठं सभ्यपण केलं असं मला वाटलं. बोईसरच्या आठवडे बाजारात मी स्वतः ते वाटलं.

नवापूरला अशी भगिनी एकच होती. पुढच्या बाजाराला बायच्या टोपलीपाशी कुणी थांबेना. एकीने बोंबील उचलले, शेजारणीने तिला कोपर मारलं, तिने परत ठेवले. "तीच ना गो ती? हगवनवाली?" रोग लागत नाही हे पत्रकात शेवटच्या ओळीत होतं, बारीक अक्षरात. तिथवर कुणी वाचत नाही. मीही दुसऱ्यांची पत्रकं तिथवर वाचत नाही.

संध्याकाळी ती भरल्या टोपलीनिशी परतली आणि टोपली माझ्या पुढ्यात ठेवली.

"सात म्हयने मी काय लपवलं, तुला ठाव होतं?"

"बाय, मी तुझ्या बाजूने..."

"माझ्या बाजूनं लिवलंस. मला इचारून लिवलंस काय? सासूनं किनाऱ्यावर हाक मारली, ती नवापूरनं ऐकली. तू बाजारात मारलीस."

मी टोपली उचलून आत नेऊन ठेवली. 

त्यानंतर सासूने एक केलं. बाजाराच्या दिवशी ती स्वतः येऊन बायच्या शेजारी बसू लागली. बायने वाळवलेले बोंबील स्वतःच्या टोपलीत ओतायची आणि हाका मारायची, "माझ्या हातचे हायत गो, घ्या!" लोक घेतात. टोपली संपते. घर चालतं. म्हातारीला मी जाब विचारायला गेलो होतो. ती म्हणाली, "तुझ्या कागदानं इकलं जात नाय, माझ्या खोट्यानं इकलं जातं. मी तिला एकदा भायेर बसवलं, आता निदान शेजारी बसवते. तू काय करतोस?"

मला तिचा राग येतो, आणि येतही नाही. बाय मात्र तिच्या मागे रिकाम्या टोपलीपाशी बसून असते, हात मांडीवर ठेवून. पहाटे उठून तिनेच बोंबील एकेक करून वलांडीवर अडकवलेले असतात. तिच्यासमोर ते दुसरीचे म्हणून जातात. घरात आली, तरी बाजारात ती अजून बाजूलाच बसलेली आहे.

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही. दोन जागी तिने मला थांबवलं आणि तेवढं मी काढून टाकलं. काय होतं ते सांगणार नाही. मग म्हणाली, "नाव लिव माझं. मागे लिवलं नायस तरी सगल्यांनी वलखलंच. आता लिव, मोठ्यानं लिव." म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं.

तेव्हा हे शेवटपर्यंत वाचलेल्या माणसा, आता तुझ्यापाशी मागणं. हळहळ नको, ती मला पुष्कळ मिळाली. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे या वेळी मी मोठ्या अक्षरात छापलंय असं समज. पुढच्या बाजाराला बोईसरला ये. सुक्या मासळीच्या रांगेत शेवटून दुसरी जागा. पुढे म्हातारी हाका मारत असेल, तिच्या हातून घेऊ नकोस. मागे जी बसली आहे तिला यमुनाबाय म्हणून नावाने हाक मार, बोंबील तिनेच वाळवलेत हे तुला ठाऊक आहे असं सांग, आणि तिने ते टोपलीतून उचलून देईपर्यंत हात पुढे धरून उभा राहा. तिच्या हातून घे.